नवे बांधलेले इंजिन का तापते?

उष्णतेचा जमाखर्च, मराठवाड्याचे पाणी आणि निदानाचा योग्य क्रम

मराठवाड्यातील व्यापारी घरांत मोटार ही चैनीची वस्तू क्वचितच असते. सकाळी लातूरच्या आडत बाजारात तुरीचा आणि सोयाबीनचा भाव पाहायचा, परतताना अहमदपूरची उधारी वसूल करायची, दिवेलागणीपूर्वी नांदेडच्या दुकानी पोहोचायचे आणि जमेल तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांना कुंथलगिरीच्या दर्शनाला न्यायचे, ही सारी कामे तिच्याच भरवशावर चालतात. म्हणून दोन लाख किलोमीटर धावलेले इंजिन थकले, धूर सोडू लागले, तेल पिऊ लागले, तरी गाडी लगेच विकून न टाकता इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधून घेण्याकडे या घरांचा कल असतो. वस्तू टिकवून वापरण्याची ही रीत विवेकाचीच आहे.

पंचाईत पुढे येते. लेथवर सिलिंडरचे बोअर होते, नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगे बसतात, मोठी रक्कम चुकती होते आणि पहिल्याच लांबच्या फेरीत तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागतो. अशा वेळी घरात दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणते, मिस्त्रीने काम बिघडवले, हेड पुन्हा खोलायला लावा. दुसरे म्हणते, इंजिन नवे आहे, घट्ट आहे, चालेल तसे सैल होईल. पहिल्या मतामुळे निष्कारण दुसरा खर्च होतो आणि एखाद्या प्रामाणिक कारागिरावर ठपका येतो. दुसऱ्या मतामुळे चांगले बांधलेले इंजिन खरोखरच वाया जाते. दोन्ही निष्कर्ष तपासाआधी काढलेले असतात, हा त्यांचा समान दोष. रोजमेळात शंभर रुपयांचा फरक आला, तर जाणता मुनीम लगेच कोणावर संशय घेत नाही. तो आधी बेरजा पुन्हा तपासतो, मग एकेक पावती. इंजिनाच्या उष्णतेचा तपासही याच क्रमाने करावा लागतो.

उष्णतेचा जमाखर्च

पेट्रोल किंवा डिझेल जळून जी ऊर्जा निर्माण होते, तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग, पुष्कळदा त्याहूनही कमी, चाके फिरवण्याच्या कामी येतो. तेवढीच उष्णता धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर जाते. उरलेली इंजिनाच्या अंगात मुरते आणि ती पाण्यावाटे रेडिएटरपर्यंत नेऊन वाऱ्यावर सोडावी लागते. पंप पाणी फिरवतो, थर्मोस्टॅट नावाचा झडपेसारखा भाग इंजिन पुरेसे गरम झाल्यावरच, साधारण ८२ ते ८८ अंशांच्या सुमारास, रेडिएटरची वाट मोकळी करतो आणि पंखा वारा ओढतो. रेडिएटरचे झाकण आतला दाब साधारण ०.९ ते १.१ बार इतका राखते. या दाबामुळे आतले पाणी १०० अंशांना न उकळता जवळजवळ १२० अंशांपर्यंत तग धरते. साधी दिसणारी ही चकती सैल पडली, तरी तेच पाणी लवकर उकळते.

याचा अर्थ असा की इंजिन तापण्याची कारणे दोनच असू शकतात. एक तर उष्णतेची आवक वाढली आहे, नाही तर जावक अडली आहे. नव्या बांधणीत दोन्ही शक्य असतात. नव्या रिंगा आणि नवे पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर घासून जागा करून घेतात, त्यामुळे सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये घर्षणाची उष्णता थोडी अधिक असते. मात्र त्यामुळे काटा नेहमीपेक्षा किंचित वर राहील, लाल पट्टीला भिडणार नाही. काटा लाल पट्टीत गेला, तर ‘रनिंगमध्ये आहे’ हे कारण पुरेसे मानता येत नाही.

काटा खरे सांगतो का?

पहिला संशय काट्यावरच घ्यावा. इंजिन उघडताना तापमानाच्या सेन्सरची वायर निघते. बसवताना ती सैल राहते, अर्थिंगची वायर विसरते किंवा सेन्सर दुसऱ्याच प्रकारचा बसतो. मग इंजिन थंड असूनही काटा वर जातो, किंवा उलट, इंजिन तापूनही काटा खाली राहतो. दुसरा प्रकार अधिक घातक आहे. पाणी बरेच कमी झाले, तर सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडतो आणि काटा अचानक खाली येतो. चालकाला वाटते, इंजिन निवले. आता बहुतेक चांगल्या गॅरेजांत पिस्तुलाच्या आकाराचा इन्फ्रारेड तापमापक असतो. थर्मोस्टॅटच्या घराजवळ तो रोखला, की काट्याची साक्ष खरी की खोटी हे मिनिटभरात कळते.

केव्हा तापते?

त्यानंतरचा प्रश्न मिस्त्रीला नव्हे, गाडी चालवणाऱ्याला विचारायचा असतो: गाडी नेमकी केव्हा तापते? अर्धे निदान या उत्तरात दडलेले असते.

गाडी नांदेडच्या वजिराबादच्या गर्दीत किंवा लातूरच्या गंजगोलाईभोवती रांगत असताना तापत असेल आणि मोकळ्या रस्त्याला लागताच काटा उतरत असेल, तर दोष बहुधा वाऱ्याच्या बाजूला असतो. पंखा फिरत नाही, त्याचा पट्टा सैल आहे, पंख्याभोवतीचे वेष्टन बसवायचे राहिले आहे, किंवा विजेच्या पंख्याच्या दोन वायरींची अदलाबदल होऊन तो उलटा फिरतो आहे. उलटा फिरणारा पंखा आवाज करतो, वारा देतो, पण वारा चुकीच्या दिशेला जातो. पंखा रेडिएटरच्या मागे असेल, तर रेडिएटरच्या तोंडाशी धरलेला कागद आत ओढला जायला हवा. एवढी साधी कसोटी पुरते.

गर्दीत ठीक, पण मोकळ्या रस्त्यावर वेग किंवा चढ आला की तापत असेल, तर पाण्याच्या प्रवाहाकडे पाहावे. रेडिएटर अर्धा तुंबलेला, पंपाची पाती गंजून झिजलेली, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा किंवा खालचा होजपाइप वेगात आत चेपला जाणारा, ही त्याची नेहमीची कारणे. या तपासासाठी नांदेड–लातूर रस्ता ही चांगली प्रयोगशाळा आहे. नांदेड गोदावरीच्या काठी सखल भागात वसले आहे, तर लातूर बालाघाटच्या पठारावर. लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेने लातूरकडे जाताना गाडी एकंदरीत चढते आणि परत येताना उतरते. जाताना तापलेली गाडी येताना तापली नाही, म्हणून दोष मिटला असे समजू नये. परतीला इंजिनावर भारच कमी असतो. जातानाची नोंद हीच खरी.

थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होजपाइप दगडासारखा कडक होत असेल, टाकीत बुडबुडे सतत येत असतील आणि गळती दिसत नसताना पाणी कमी होत असेल, तर मात्र सिलिंडरमधला जळता वायू पाण्यात शिरत असल्याची शंका रास्त ठरते. आणि तापण्याला काही ताळमेळच नसेल, काटा एकदा वर एकदा खाली नाचत असेल, तर बहुतेक वेळा पाण्याच्या वाटेत हवा अडकलेली असते.

बांधणीनंतरचे नेहमीचे दोष

ही अडकलेली हवा, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेतला एअरलॉक, नव्या बांधणीनंतर सर्वाधिक आढळणारे आणि सर्वांत स्वस्तात दूर होणारे कारण आहे. इंजिन रिकामे करून पुन्हा पाणी भरताना हेडच्या उंच कोपऱ्यात हवा राहते; तिथे पाणी पोहोचत नाही आणि तेवढीच जागा भाजते. गाडीचे नाक थोडे उंच ठेवून, हीटर पूर्ण उघडून, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो ढिला करून सावकाश पाणी भरावे आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन मंद चालू ठेवावे, की हवा निघून जाते.

दुसरा दोष थर्मोस्टॅटचा. तो उलटा बसला, तर वेळेवर उघडत नाही. तापणाऱ्या गाडीवर उपाय म्हणून तो काढूनच टाकण्याची प्रथाही आपल्याकडे जुनी आहे. ती सोडून द्यायला हवी. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आतली आडवाट बंद करतो. तो काढला, की पाण्याचा बराच भाग रेडिएटरला वळसा घालून त्याच आडवाटेने फिरत राहतो. शिवाय हिवाळ्यात इंजिन पुरेसे गरम होत नाही आणि नव्या रिंगांची झीज वाढते. थर्मोस्टॅट खरा की खोटा हे पाहायला स्वयंपाकघरातले पातेले पुरते: उकळत्या पाण्यात तो स्पष्टपणे उघडला पाहिजे आणि पाणी निवताना मिटला पाहिजे.

तिसरा दोष हेड गॅस्केटचा. गॅस्केटवरची छिद्रे सगळीकडे सारखी नसतात. पाणी सर्व सिलिंडरांना पुरावे म्हणून त्यांचे आकार मुद्दाम लहानमोठे ठेवलेले असतात. गॅस्केट उलटसुलट बसले, किंवा सुरक्षितता म्हणून त्यावर डिंकासारखा सीलंट जास्त थापला, तर पाण्याच्या वाटाच बुजतात. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, ठरलेल्या क्रमाने आणि टॉर्क रेंचने मोजून आवळायचे असतात. अंदाजाने आवळलेले हेड एका बाजूने उचलले जाते. ॲल्युमिनियमचे हेड ओतीव लोखंडाच्या ब्लॉकपेक्षा उष्णतेने जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. पूर्वी एकदा तापलेल्या गाडीचे हेड म्हणूनच वाकडे झालेले असू शकते. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून ते तपासतात. पुष्कळ इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा अधिक फट चालत नाही. मर्यादेबाहेर फट असेल, तर फेसिंग करूनच हेड बसवावे लागते.

चौथा दोष वेळेचा. टायमिंग बेल्ट किंवा चेन एका दात्याने चुकली, ठिणगी उशिरा पडली किंवा डिझेल उशिरा फवारले गेले, तर इंधन जळत जळतच बाहेर पडते आणि उष्णता हेडमध्ये साठते. अशा गाडीत ओढ कमी जाणवते. काटा वर आणि ओढ मंद अशी दोन्ही लक्षणे एकत्र दिसली, की रेडिएटरच्या आधी टायमिंग तपासावे.

गाळलेले पाणी आणि मृदू पाणी

आता मराठवाड्याचे स्वतःचे कारण. ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत, त्याच घरच्या गाडीत मात्र बोअरचे पाणी थेट ओतले जाते. ते गाळून ओतले, तरी पुरेसे नाही. गाळण्याने कचरा आणि सूक्ष्म जीव अडतात. पाण्यात विरघळलेले क्षार अडत नाहीत. दख्खनच्या काळ्या खडकात मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस धरत नाही आणि गिझरमध्ये पांढरा थर बसतो, तेच पाणी इंजिनात तापले, की तसाच थर सिलिंडरच्या बाहेरच्या अंगाला आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरते. हा चुनखडी थर लोखंडाच्या मानाने उष्णता फारच कमी वाहून नेतो. इंजिनाने जणू आतून गोधडी पांघरलेली असते.

टंचाईच्या वर्षी तर निवडीलाही वाव राहत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ‘जलदूत’ म्हणून ओळखली गेलेली ती गाडी पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. पिण्याच्या पाण्याची अशी अवस्था असताना गाडीत कोणते पाणी जाते, हे पाहायला कोणाला सवड मिळणार?

नव्या बांधणीनंतर हा जुना हिशेब अचानक पुढे येतो. काम करताना ब्लॉक धुतला जातो, वर्षानुवर्षांचा थर सुटा होतो आणि गाडी चालू झाल्यावर तो गाळ रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतो. शिवाय थकलेले इंजिन कमी जोर लावत होते. बांधलेले इंजिन पुन्हा पूर्ण जोर लावते आणि पूर्ण भारावर उष्णताही अधिक देते. अर्धवट तुंबलेला रेडिएटर जुन्या इंजिनाला कसाबसा पुरत होता, तो नव्याला पुरत नाही. इंजिन नवे आणि रेडिएटर जुना, हीच अनेकदा खरी गोम असते. त्यात सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत भुसा आणि धूळ एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये जाऊन बसते. समोरून सारे स्वच्छ दिसते. दोन जाळ्या विलग केल्याशिवाय हा कचरा दृष्टीस पडत नाही.

रेडिएटर साफ करतानाही काळ ओळखावा लागतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट व प्रीमियर पद्मिनी व्यापारी घरांच्या दारोदारी उभ्या राहिल्या. आजोबांची आठवण म्हणून अशी एखादी गाडी आजही जपणारी घरे आहेत. त्या काळच्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरची टाकी डाग काढून उघडता येते, नळ्यांत सळई घालून थर खरवडता येतो आणि पुन्हा डाग देता येतो. आजच्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला ही रीत लागू पडत नाही. कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्याने तर ॲल्युमिनियम खाल्लेच जाते. तो योग्य रसायनाने धुवावा. तुंबलेलाच असेल, तर बदलावा.

पाण्याच्या जागी कूलंट आणि क्षारविरहित पाणी यांचे मिश्रण घालावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी त्यासाठी चालते. निम्मे कूलंट, निम्मे पाणी हे प्रमाण सर्वसाधारण. गाडीच्या पुस्तिकेत वेगळे दिले असेल, तर ते पाळावे. कूलंटमुळे उत्कलनबिंदू थोडा वाढतो आणि गंज अडतो. मात्र काढलेले जुने कूलंट नालीत किंवा अंगणात ओतू नये. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि विषारी असते; कुत्री, मांजरे, गुरे ते चाटतात आणि दगावतात. बंद डब्यात भरून ते गॅरेजवाल्याच्या हवाली करणे, हा जीवदयेचा छोटासाच, पण खरा भाग आहे.

हेड पुन्हा उघडण्यापूर्वी

हेड दुसऱ्यांदा उघडणे म्हणजे नवे गॅस्केट, पुष्कळदा नवे बोल्ट आणि पुन्हा तितकीच मजुरी. त्याआधी तीन चाचण्या मागण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. पहिली, रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून थंड इंजिनात दाब भरणे. दाब टिकत नसेल, तर गळती कुठेतरी आहे. दुसरी, टाकीच्या तोंडाशी निळ्या द्रवाची नळी धरणे. जळता वायू पाण्यात येत असेल, तर तो द्रव पिवळा पडतो. तिसरी, सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजणे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे एकदम कमी आले, तर मधले गॅस्केट फुटल्याची शक्यता मोठी. या तिन्ही चाचण्या निर्दोष निघाल्या, तर हेडला हात लावण्याची घाई करू नये. त्या सदोष निघाल्या, तर मात्र ‘थोडे दिवस चालवून पाहू’ हा सल्लाही ऐकू नये.

वाटेत गाडी तापली तर

काटा चढताना दिसताच एसी बंद करावा, हीटर पूर्ण उघडावा आणि वेग कमी करावा. हीटर हा छोटा रेडिएटरच असतो. काटा लाल पट्टीत गेला किंवा वाफ दिसली, तर सावलीत थांबून इंजिन बंद करावे. झाकण त्या वेळी कोणीही उघडू नये, विशेषतः मुलांनी व वडीलधाऱ्यांनी जवळ जाऊ नये. दाब सुटताच शंभर अंशांच्या वरचे पाणी क्षणात वाफ होऊन उसळते आणि चेहरा, हात भाजतात. अर्धा-पाऊण तास, होजपाइप हाताला सोसवेल इतका निवेपर्यंत वाट पाहावी. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतले, तर हेडला तडा जाऊ शकतो. ‘चाकूर दहाच किलोमीटर राहिले’ या हिशेबाने पुढे रेटलेली गाडीच बहुधा हेड वाकडे करून घेते. प्रत्येक किलोमीटरला वाचलेल्या वेळेपेक्षा खर्च मोठा होत जातो.

लेखी नोंद

व्यापारी घरांकडे या सर्वावर एक जुने साधन आहे: लिहून ठेवणे. लेथच्या दुकानातून बोअरचे माप, पिस्टन आणि सिलिंडरमधली फट, हेडचे फेसिंग किती झाले, हे आकडे बिलावर लिहून घ्यावेत. फट कमी राहिली असेल, तर पिस्टन जाम होण्याचा धोका असतो आणि तो आकड्यावरूनच कळतो. पहिले हजार किलोमीटर गाडीत एक छोटी वही ठेवावी. तारीख, रस्ता, बाहेरचे ऊन, गाडीत माणसे किती, एसी चालू की बंद, काटा कुठपर्यंत गेला, सकाळी थंड इंजिनात पाणी किती घालावे लागले, एवढेच त्यात लिहावे. या काळात जड भार, सलग अतिवेग आणि वरच्या गिअरमध्ये कुंथणारे इंजिन टाळावे. तेल आणि फिल्टर नेहमीच्या मुदतीआधी बदलावेत. जुन्या पद्धतीच्या इंजिनांत हेडचे बोल्ट पुन्हा आवळणे आणि टॅपेट जुळवणे पुस्तिकेत सांगितले असेल, तर तेही चुकवू नये.

अशी वही घेऊन मालक गॅरेजमध्ये गेला, की संभाषणाचा सूरच बदलतो. आरोप आणि सफाई यांच्या जागी आकडे समोर येतात. चूक मिस्त्रीची असेल, तर ती दाखवता येते आणि तोही ती मान्य करतो. चूक जुन्या रेडिएटरची, बोअरच्या पाण्याची किंवा सैल वायरची असेल, तर एका कारागिराचे नाव विनाकारण खराब होत नाही. इंजिन आणि विश्वास, दोन्ही एकदा तापून वाकले की पुन्हा सरळ करायला फार खर्च येतो.